लिटरमागे किती किलोमीटर: इंजिनाची घडण, इंधनाचा दर्जा आणि अ‍ॅव्हरेजचा हिशेब

माझी गाडी २०१६ सालची, १.२ लिटर क्षमतेची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि तिच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही असते. त्या वहीत डिसेंबर २०१९ मधल्या पुणे–सोलापूर फेऱ्यांची सरासरी लिटरला १७.२ किलोमीटर अशी नोंदवलेली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने आणि त्याच चालकाच्या हाताखाली हीच सरासरी १६.१ भरली. घट ६.४ टक्के झाली. अशा घटीचे खापर कोणी पंपावर फोडतो, कोणी इथेनॉलवर, तर गॅरेजमध्ये गाडी नेली की प्लग, फिल्टर आणि इंजेक्टर साफ करण्याचे बिल हातात पडते. प्रत्येक उत्तरात थोडे तथ्य असते, पण कोणत्या कारणाचे किती टक्के हे ठरवल्याशिवाय केलेला खर्च अंधारात मारलेल्या दगडासारखा असतो. ती विभागणी घरच्या घरी कशी करावी, ते पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी: आधी मोजमाप दुरुस्त करावे

टाकी फुल करून मोजण्याची पद्धत सर्वांना माहीत असते, पण ती पाळली मात्र अर्धवट जाते. टाकी काठोकाठ भरल्यावर ट्रिप मीटर शून्यावर आणावा, गाडी चालवावी, पुन्हा टाकी फुल करावी आणि चाललेल्या किलोमीटरला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागावे, इतके ते सोपे आहे. अडचण अशी की ‘फुल’ दर वेळी सारखे नसते. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडते तेव्हा थांबायचे की आकडा गोल करण्यासाठी आणखी दोन वेळा दाबायचे, गाडी सपाटीवर उभी होती की उताराला, यावर अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. तीनशे किलोमीटरनंतर सतरा-अठरा लिटर पेट्रोल भरताना हा अर्धा लिटर म्हणजे जवळजवळ तीन टक्के होतात, म्हणजे आपण शोधतो आहोत त्या घटीच्या जवळजवळ निम्मे.

त्यावर उपाय म्हणजे एका टाकीवर निकाल देऊ नये. सलग पाच टाक्यांचे एकूण किलोमीटर आणि एकूण लिटर घ्यावेत. मधल्या फुल टाक्यांमधील चुका एकमेकींना खोडतात आणि केवळ पहिल्या व शेवटच्या भरण्यातील चूक शिल्लक राहते, त्यामुळे दीड हजार किलोमीटरवर तोच अर्धा लिटर अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. पंप एकच ठेवावा आणि जमल्यास नोझलही तेच. डॅशबोर्डवरच्या स्क्रीनचा आकडा वहीत वेगळ्या रकान्यात लिहावा. तो बहुधा उदार असतो, परंतु एकाच गाडीतला वरखाली कल दाखवायला उपयोगी पडतो.

आणखी एक चोरटी चूक टायरमध्ये असते. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. ती झिजून तीनवर आली की चाकाची त्रिज्या पाच मिलिमीटरने घटते, तेवढेच अंतर कापायला चाक जास्त फिरते आणि ओडोमीटर प्रत्यक्षापेक्षा दीड ते पावणेदोन टक्के अधिक किलोमीटर दाखवतो. म्हणून गुळगुळीत टायरांवर गाडी चांगली ‘अ‍ॅव्हरेज देते’ आणि नवे टायर टाकताच ते पडल्यासारखे वाटते. टायर कोणत्या तारखेला बदलले हे वहीत असायलाच हवे. ही नोंद पुढे कामाला येईल.

माहितीपत्रकातल्या आकड्याशी तुलना करताना तो आकडा कसा निघतो याचे भान ठेवावे. पुण्यात जिच्यामुळे एका टेकडीलाच लोक ‘एआरएआयची टेकडी’ म्हणतात, त्या एआरएआयसारख्या वाहनांची चाचणी घेणाऱ्या प्रमाणित संस्थेत गाडी रस्त्यावर नव्हे तर रोलरवर चालवली जाते. ठरलेल्या वेगांची सुमारे वीस मिनिटांची मालिका असते, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो, एसी बंद असतो आणि इंधनही प्रमाणित प्रतीचे असते. दोन मॉडेलांची परस्परांशी तुलना करायला हा आकडा चांगला आहे. आपल्या गाडीने तो रस्त्यावर गाठावा अशी अपेक्षा करणे मात्र गाडीवर अन्याय आहे.

दुसरी पायरी: आपले इंजिन कोणत्या जातीचे आहे ते ओळखावे

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. चांगल्या परिस्थितीत तिचा सुमारे एक तृतीयांश भाग चाकांकडे जाणारे काम करतो आणि उरलेली ऊर्जा सायलेन्सर व रेडिएटर यांच्या वाटे उष्णता होऊन निघून जाते. शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात कामाचा वाटा आणखी घसरतो. इंजिनाच्या रचनेतला प्रत्येक बदल हा वाटा थोडा वाढवण्यासाठी केलेला असतो.

त्यात पहिला मान कॉम्प्रेशन रेशोचा. पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये मावणारे मिश्रण तो वर आल्यावर किती पटीने दाबले जाते, ते हा आकडा सांगतो. पुस्तकी सूत्राप्रमाणे १० ला १ या दाबाला आदर्श कार्यक्षमता ६० टक्के येते आणि १३ ला १ या दाबाला ६४ टक्के. प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरेच खाली असतात, पण त्यांच्यातला सहा-सात टक्क्यांचा सापेक्ष फरक बऱ्याच अंशी टिकतो. मारुती सुझुकीने स्विफ्टच्या आधीच्या १.२ लिटर के-मालिकेतल्या इंजिनात हा रेशो १२ ठेवला होता. २०२४ च्या स्विफ्टमधल्या तीन सिलिंडरच्या झेड-मालिकेत तो आणखी वाढवला आणि मॅन्युअल गाडीसाठी लिटरला २४.८ किलोमीटरचा प्रमाणित आकडा मिळवला. एक सिलिंडर कमी केल्याने घासणारे पृष्ठभाग आणि उष्णता शोषणाऱ्या भिंतीही कमी झाल्या. त्याची किंमत म्हणजे कमी आरपीएमवर जाणवणारी थरथर.

मग रेशो १५ का करत नाहीत? कारण नॉकिंग. जास्त दाबलेले, तापलेले मिश्रण ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचायच्या आधीच कोपऱ्यात आपोआप पेट घेते, आणि घाटात चौथ्या गिअरवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. आजच्या गाड्यांत हा आवाज क्वचितच ऐकू येतो, कारण नॉक सेन्सर तो आपल्याआधी ऐकतो आणि संगणक ठिणगीची वेळ मागे सरकवतो. इंजिन वाचते, पण प्रत्येक थेंबामागे मिळणारे काम घटते. इंजिनाची घडण आणि इंधनाचा दर्जा यांची गाठ नेमकी इथे पडते. ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला तोंड देण्याची ताकद. ऑक्टेन जास्त म्हणून पेट्रोलमध्ये ऊर्जा जास्त, असे मुळीच नाही.

दुसरी गोष्ट थ्रॉटलची. पेट्रोल इंजिनाची ताकद कमी ठेवायची तर हवेची वाट अडवावी लागते, आणि अडवलेल्या वाटेतून हवा ओढण्यात पिस्टनची शक्ती खर्च होते. चिमटलेल्या नळीतून ताक ओढून पाहावे, म्हणजे लक्षात येईल. मोठे इंजिन अगदी हलक्या भाराने चालवले की ही नासाडी सर्वाधिक होते. याच कारणाने सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, १,५०० ते २,००० आरपीएमच्या दरम्यान, अ‍ॅक्सिलरेटर जरा मोकळा ठेवून चालवलेली गाडी कमी इंधन पिते. तेवढ्याच वेगाला खालच्या गिअरमध्ये ती जास्त पिते. इंजिन कण्हू लागले तर मात्र एक गिअर खाली यावे.

डिझेल इंजिनात ताकद इंधनाच्या मात्रेने ठरते, हवा अडवावी लागत नाही आणि कॉम्प्रेशन रेशो १५ ते १८ च्या घरात असतो. शिवाय एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे बारा टक्के अधिक ऊर्जा असते, म्हणून ‘डिझेलचे अ‍ॅव्हरेज’ या कौतुकातला काही भाग इंजिनाचा नसून लिटरचाच असतो. बीएस-६ या प्रदूषण-मानकाची डिझेल गाडी रोज तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी घेणे मी चूकच मानतो. धुराच्या गाळणीत साठलेली काजळी जाळायला ती अधूनमधून जास्तीचे डिझेल खर्च करते, आणि ते काम वारंवार अपुरे राहिले की गॅरेजची वाट धरावी लागते.

लहान टर्बो पेट्रोल इंजिन हलक्या पायाच्या चालकाला फळते. पाय जड असेल तर टर्बोचा दाब वाढतो, नॉकिंग आणि उष्णता आवरण्यासाठी संगणक गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो आणि लहान इंजिनाचा सगळा फायदा धुरात जातो. याच्या उलट टोकाला अ‍ॅटकिन्सन पद्धतीची हायब्रिड इंजिने आहेत. त्यांत इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे मिश्रण कमी भरले जाते पण प्रसरण लांब चालते आणि प्रत्येक थेंब अधिक पिळून घेतला जातो. अशा इंजिनाला पिकअप कमी असतो; ती उणीव विजेची मोटर भरून काढते. ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिड आवृत्तीचा २७.९७ चा प्रमाणित आकडा या जोडीचा आहे. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत घेण्याचा लाभ शहरात मिळतो आणि द्रुतगती मार्गावर एकसारख्या वेगाला तो बराच कमी होतो.

तिसरी पायरी: लिटरमध्ये काय आहे ते तपासावे

गेल्या काही वर्षांत आपल्याकडचे इंधन दोनदा बदलले. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आले आणि गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. याने अ‍ॅव्हरेज थेट वाढत नाही, पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सेन्सर दीर्घकाळ धड राहतात. दुसरा बदल खिशाला जाणवणारा आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचे सरासरी मिश्रण २०१९ मध्ये पाच टक्क्यांच्या आसपास होते, २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर पोहोचले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरुवात झालेले ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचे, पेट्रोल २०२५ पर्यंत बहुतेक सर्व पंपांवर आले.

यातला हिशेब कागदावर करून पाहावा. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे पेट्रोलच्या दोन तृतीयांश. पाच टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये सुमारे ३१.४ मेगाज्यूल भरतात आणि वीस टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये २९.८. फरक पाच टक्क्यांहून थोडा अधिक येतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सर्व्हिसिंग कितीही चोख केले तरी हे पाच टक्के परत मिळत नाहीत.

तरीही गोष्ट इथे संपत नाही, कारण इथेनॉलचा ऑक्टेन आकडा शंभराच्या वर आहे आणि ई-२० साठी किमान ९५ ऑक्टेनचे मानक आहे. पूर्वीचे साधे पेट्रोल ९१ चे असे. बारा-तेरा कॉम्प्रेशनच्या, ई-२० साठीच जुळवलेल्या इंजिनाला या वाढीव ऑक्टेनमुळे ठिणगी योग्य वेळी देता येते आणि गमावलेल्या ऊर्जेपैकी काही वाटा ते इंजिन वसूल करते. नऊ-दहा कॉम्प्रेशनच्या जुन्या इंजिनाला ते ऑक्टेन हवेच नव्हते, त्यामुळे त्याच्या वाट्याला नुसती घट येते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातील अंदाजही हेच सांगतो: शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत सहा-सात टक्के घट, तर ई-१० साठी रचलेल्या आणि ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत एक-दोन टक्के. आपली गाडी कोणत्या गटात बसते ते पेट्रोलच्या झाकणाजवळचे स्टिकर किंवा मालकाची पुस्तिका सांगते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी व धातूचे भाग ई-२० सोसणारे असतात. त्याआधीच्या गाडीत पेट्रोलच्या नळ्या आणि सील दर सर्व्हिसिंगला डोळ्यांखालून घालाव्यात.

महागडे प्रीमियम पेट्रोल घ्यावे का, हा प्रश्न आता सोपा आहे. पुस्तिकेत ९५ किंवा त्याहून अधिक ऑक्टेनची अट असेल तर पाळावी. अट नसेल तर दर आठ टक्के जास्त असताना अ‍ॅव्हरेजही आठ टक्के वाढले तरच पैसे वसूल होतात, आणि साध्या इंजिनात तसे होण्याला यंत्रशास्त्रीय कारणच नाही. शंका असेल तर पाच टाक्या साध्या आणि पाच टाक्या प्रीमियम अशी वहीत नोंद करावी. गाडी ‘हलकी पळते’ या भावनेवर निर्णय घेऊ नये.

भल्या पहाटे थंडीत पेट्रोल भरले की जास्त मिळते ही समजूतही वहीत टिकत नाही. पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१ टक्का प्रसरण पावते खरे, पण पंपाच्या जमिनीखालील टाकीचे तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही.

चौथी पायरी: पंपावर शंका आली तर

भेसळीचा संशय प्रत्येकाला येतो, पण तपासणी फार थोडे जण मागतात. पंपावर पाच लिटरचे शिक्का मारलेले माप असते. त्यात पेट्रोल मोजून दाखवायला सांगावे. २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक मान्य धरला जातो. घनता मोजायला हायड्रोमीटर असतो. १५ अंश तापमानाला रूपांतरित केलेला आकडा फलकावरच्या आकड्याशी घनमीटरला तीन किलोच्या आत जुळायला हवा. फिल्टर पेपरवर पेट्रोलचा थेंब टाकला तर तो दोन-एक मिनिटांत डाग न ठेवता उडून जातो. रॉकेलसारखे जड इंधन मिसळले असेल तर तेलकट डाग उरतो. रॉकेल ऑक्टेन पाडते, म्हणून अशा पेट्रोलवर घाटात नॉकिंग आणि सपाटीवर मरगळ, अशी दोन्ही लक्षणे दिसतात.

पावसाळ्यात पाण्याची भीती वेगळी. इथेनॉल पाणी शोषते, आणि मर्यादेपलीकडे पाणी शिरले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात. कोकणातल्या एका पंपावर जुलैच्या मुसळधार पावसात टाकी भरून निघाल्यावर माझी गाडी चार किलोमीटरवर उचक्या देऊ लागली आणि बंद पडली. मेकॅनिकने काचेच्या बाटलीत काढलेल्या पेट्रोलमध्ये दोन थर स्पष्ट दिसत होते: वर पिवळसर, खाली दुधाळ. टाकी रिकामी करून धुण्यात अख्खा दिवस गेला. तेव्हापासून पंपाच्या आवारात पाणी तुंबलेले दिसले की मी पुढचा पंप गाठतो, आणि टँकर खाली होत असताना पेट्रोल घेत नाही.

पाचवी पायरी: गॅरेजमध्ये कशावर खर्च करावा

इथे माझे मत रूढ समजुतीविरुद्ध आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत एअर फिल्टर मळला म्हणून अ‍ॅव्हरेज फारसे पडत नाही, कारण हवा कमी आली तर संगणक पेट्रोलही कमी सोडतो. पडतो तो पिकअप. फिल्टर वेळेवर बदलावाच, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. अ‍ॅव्हरेज खरोखर खाणाऱ्या गोष्टी बहुधा नजरेआड असतात. उघडा अडकून राहिलेला थर्मोस्टॅट इंजिन गार ठेवतो आणि संगणक बराच वेळ जास्त पेट्रोल पाजत राहतो. महामार्गावर अर्धा तास चालूनही तापमानाचा काटा मध्यावर येत नसेल तर हाच संशयित. थकलेला ऑक्सिजन सेन्सर, पूर्ण न सुटणारे ब्रेक आणि कंपनीने ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल सांगितले असताना ‘आपल्याकडच्या उन्हाला जाड ऑइल बरे’ म्हणून टाकलेले ऑइल हे त्याचे भाऊबंद. ब्रेकसाठी यंत्र लागत नाही. पाच-दहा किलोमीटर चालवून थांबल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा जास्त गरम लागते का ते जपून, हात जवळ नेऊन पाहावे.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारे ओबीडी यंत्र स्वस्तात मिळते आणि मोबाइलवर ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’, म्हणजे संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी इंधन सोडतो आहे तो आकडा, दाखवते. ई-१० ला जुळवलेल्या गाडीत ई-२० भरले की संगणकाला सुमारे चार टक्के जास्त इंधन सोडावे लागते, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो आणि हवेशी त्याचे प्रमाण वेगळे पडते. म्हणून अधिक तीन ते पाच हा आकडा आजार मानू नये. तो अधिक पंधरा-वीस दिसला तर कुठेतरी हवा गळते आहे किंवा इंजेक्टर तुंबला आहे, आणि तेव्हाच इंजेक्टर साफ करण्याच्या बिलाला अर्थ असतो.

टायरमधली हवा महिन्यातून दोनदा, गाडी थंड असताना, दाराच्या खांबावर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी.

सहावी पायरी: रस्त्याचा वाटा वजा करावा

इंजिन आणि इंधनाला दोष देण्याआधी रस्त्याने किती घेतले ते काढता येते. खोपोलीहून लोणावळ्याला जाताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर उंच चढते. माणसांसह १,३०० किलोची गाडी तेवढी वर उचलायला सात मेगाज्यूल काम पडते. इंजिनाची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर पाऊण लिटरहून थोडे अधिक पेट्रोल केवळ उंचीसाठी जळते, हवेचा आणि टायरचा विरोध वेगळाच. म्हणून मुंबई–पुणे एकाच दिशेचे अ‍ॅव्हरेज सांगण्यात अर्थ नाही, जाऊन-येऊन सांगावे. उतरताना न्यूट्रल टाकू नये. गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागते आणि घाटात ब्रेक तापतात ते निराळेच.

वेगाचा हिशेब आणखी कडू आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ८० वरून १०० वर गेल्यावर तो ५६ टक्क्यांनी वाढतो. कॅरिअरवर सामान लादलेले असेल तर विचारूच नये.

आता पुन्हा वहीकडे. सोलापूरचा रस्ता मुद्दाम निवडला होता, कारण वाटेत मोठा घाट नाही. वेग दोन्ही वर्षी ८०–८५ होता, ट्रिम अधिक चार दाखवत होता आणि थर्मोस्टॅट ठीक होता. १७.२ मधून ऊर्जेची पाच टक्क्यांहून थोडी अधिक घट वजा केली की १६.३ येतात. प्रत्यक्षात १६.१ मिळाले. उरलेल्या ०.२ साठी मी इंजेक्टर साफ करायला निघालोच होतो, तेवढ्यात वहीतली टायरची तारीख दिसली: २०१९ चा आकडा जुन्या, झिजलेल्या टायरांवरचा होता आणि २०२५ चा नव्या टायरांवरचा.